आधी विचारा तरी : गोव्यातील इस्पितळांना खुले पत्र

प्रति,
गोव्यातील सरकारी व खासगी इस्पितळांचे प्रमुख, अतिदक्षता विभागांत काम करणारे डॉक्टर आणि या सर्वांच्या कारभारावर देखरेख ठेवणारे अधिकारी यांना,

सप्रेम नमस्कार.

मध्यंतरी नेत्रदान पंधरवड्याच्या तयारीसाठी आम्हा स्वयंसेवकांना एका बैठकीला बोलावले होते. २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा पंधरवडा देशभर पाळतात. फेरी कुठून काढायची, बॅनर किती लागतील, शाळांत चित्रकला स्पर्धा घ्यायची की निबंधाची, हे सगळे तपशीलवार ठरले. शेवटी व्यासपीठावरून सांगण्यात आले की गोव्यात अवयवदान वाढत नाही, कारण लोकच तयार होत नाहीत. तेव्हा तुम्ही जनजागृती आणखी जोरात करा. त्यावर बोलायला कुणाला वेळ मिळाला नाही. आभारप्रदर्शन झाले आणि बैठक संपली. ते वाक्य मला मान्य नाही, म्हणून हे पत्र. ज्या लोकांवर ठपका ठेवला गेला त्यांनीही ते वाचावे, म्हणून ते उघड लिहिते आहे.

मी सत्तरी तालुक्यात राहते. मराठी शाळेत शिकवत होते, आता निवृत्त आहे. गेली कित्येक वर्षे आमचा एक छोटा गट वाळपई, होंडा, केरी, मोर्ले, साखळी या भागात फिरून नेत्रदान, अवयवदान आणि ऊतीदानाची (म्हणजे त्वचा, हाडे, हृदयाच्या झडपा यांच्या दानाची) माहिती देतो. भजनी सप्ताहात आरतीनंतर दहा मिनिटे मागून घेतो. महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला जातो, ग्रामसभेत विषय मांडतो. पाद्रींची परवानगी मिळाली की रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या अंगणात उभे राहतो.

लोक काय विचारतात ते मला ठाऊक आहे. डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळा जन्मेन का? चेहरा विद्रूप दिसेल का? मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, साखर आहे, चष्मा आहे, मग माझे डोळे चालतील का? आम्ही सांगतो की चालतील. लागतो तो फक्त बुबुळावरचा पारदर्शक पडदा. तो काढायला पंधरा-वीस मिनिटे पुरतात आणि पापण्या मिटल्यावर चेहरा होता तसाच दिसतो. एकाच्या दोन डोळ्यांनी दोघांना दिसू शकते. रेबीज, एचआयव्ही, कावीळ ब आणि क अशा काही आजारांत मात्र घेता येत नाहीत. कॅथलिक बायका शेवटच्या दिवसाच्या पुनरुत्थानाविषयी विचारतात. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली रोममध्ये प्रत्यारोपण तज्ज्ञांच्या परिषदेपुढे अवयवदानाला मनापासून पाठिंबा दिला होता, हे ऐकले की त्या मोकळेपणाने बोलू लागतात. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना तर काही सांगावेच लागत नाही. देवांसाठी अस्थी देणारे दधीची ऋषी त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असतात.

शंका असतात आणि त्या फिटतातही. सही करताना हात थरथरतो, पण सही होते. आम्ही प्रत्येकाला बजावून सांगतो की नुसते कार्ड खिशात ठेवू नका, घरात बोला, कारण शेवटी संमती जवळच्या नातेवाइकांनाच द्यावी लागते. लोक तेही करतात. सुनेला सांगतात, दुबईच्या मुलाला फोनवर सांगतात. इथवरचे काम आमचे होते, ते आम्ही केले आहे. त्यापुढचे तुमचे आहे, आणि माझ्या तक्रारी त्याविषयी आहेत.

त्याआधी हा विषय माझ्या घरात कसा शिरला ते सांगते. माझ्या धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या ऐन तारुण्यात गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, मोजून पाणी आणि नोकरी बंद. मेंदूमृत दात्याची, म्हणजे मेंदू कायमचा निकामी झालेल्या पण यंत्राच्या आधाराने हृदय चालू असलेल्या माणसाची, किडनी मिळेल म्हणून वाट पाहिली, ती मिळाली नाही. शेवटी आईने आपली दिली. राज्याबाहेरच्या इस्पितळात ऑपरेशन झाले, भाऊ सावरला, आज तो आपला संसार करतो आहे. पण तेव्हा आईचे वय साठीला टेकले होते. देशात २०२३ मध्ये १८ हजारांहून अधिक प्रत्यारोपणे झाली, आणि मृत्यूनंतर अवयव देणारे दाते होते जेमतेम हजार-अकराशे. बाकी सारा भार जिवंत दात्यांवर. त्यांत बायका फार मोठ्या संख्येने असतात, आणि अवयव घेणाऱ्यांत पुरुष जास्त. आई, बायको, बहीण. अतिदक्षता विभागात न विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाची किंमत अशी कुठल्या तरी घरातली बाई आपल्या शरीरातून चुकती करते. शिवाय कितीतरी रुग्णांचा रक्तगट घरात कुणाशीच जुळत नाही. दक्षिण गोव्यातल्या काणकोण तालुक्यातल्या किडनीच्या आजाराविषयी आपण वर्षानुवर्षे बोलतो आहोत. त्या घरांतल्या बायकांचा विचार करून पुढचे वाचा, एवढी विनंती.

आता कायदा. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ साली झाला तेव्हा तो प्रथम ज्या तीन राज्यांना लागू झाला त्यांत महाराष्ट्र आणि हिमाचल प्रदेशाबरोबर गोवा होता. हा मान आपला आहे. २०११ मध्ये त्यात दुरुस्ती झाली, ऊतींचा समावेश झाला, आणि जानेवारी २०१४ पासून ती गोव्यात लागू आहे. या दुरुस्तीने डॉक्टरांवर एक कर्तव्य टाकले. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाने हयातीत अवयवदानाची इच्छा नोंदवली होती का, हे तिथल्या डॉक्टरने विचारायचे. नोंदवली नसेल तर होकार किंवा नकार देण्याचा पर्याय आपल्याला आहे, हे नातेवाइकांना सांगायचे. आणि हे फक्त प्रत्यारोपणाची मान्यता असलेल्या इस्पितळांपुरते नाही. ज्यांची या कायद्याखाली नोंदणी नाही, पण ज्यांच्याकडे अतिदक्षता विभाग आहे, त्यांच्या डॉक्टरांनाही ते बंधनकारक आहे.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार हीच आहे की तुम्ही विचारत नाही.

शेजारच्या गावातला एक तरुण मोटारसायकलवरून पडला. डोक्याला मार लागला होता. व्हेंटिलेटरवर ठेवले. तिसऱ्या दिवशी घरच्यांना सांगण्यात आले, 'आता काही उरले नाही, काय ते ठरवा.' काय ठरवायचे ते कुणी सांगितले नाही. त्याच्या बहिणीने आमचे व्याख्यान ऐकले होते. तिने स्वतः जाऊन विचारले, 'डॉक्टर, हा मेंदूमृत आहे का? आम्हाला अवयव द्यायचे आहेत.' उत्तर मिळाले, 'ते आमच्याकडे होत नाही.' चौकशी नाही, फोन नाही, तपासणी नाही. संध्याकाळी त्याला घरी आणले. भाऊ गेल्याच्या दुःखात तिला हेही धरून बसावे लागले आहे की त्याची किडनी, त्याचे यकृत कुणाला तरी देता आले असते.

मेंदूचा देठ कायमचा निकामी झाला तरी यंत्राने छाती वरखाली होत राहते, हृदय चालते, हात गरम लागतो. आईबापांना वाटते, मूल झोपले आहे. या अवस्थेचा अर्थ समजावून सांगायला वेळ लागतो, शांत खोली लागते, बसायला खुर्ची लागते. व्हरांड्यात उभ्या उभ्या एका वाक्यात सांगितले तर कुणाला कळणार? मेंदूमृत्यू जाहीर करायला चार डॉक्टरांचे मंडळ असते, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी होते, आणि प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतला एकही डॉक्टर त्या मंडळावर नसतो. हे सगळे लोकांना सांगितले तर संशय राहत नाही. आम्ही गावात सांगतो, पण गावात ऐकणाऱ्याच्या घरी त्या दिवशी कुणी व्हेंटिलेटरवर नसते. ज्या घडीला सांगायला हवे, त्या घडीला तिथे तुम्ही असता.

दुसरी तक्रार रात्रीची आहे. मृत्यू कचेरीची वेळ पाहून येत नाही. डोळे सहा तासांच्या आत घ्यावे लागतात. आमच्याकडे रात्री कुणी गेले तर सकाळी नातेवाईक जमले की अंत्यविधी होतो, म्हणजे नेत्रदानासाठी जी वेळ असते ती नेमकी रात्रीची. आमच्या वाड्यावरची एक आजी रात्री अकराच्या सुमारास घरीच गेली. तिने स्वतःच्या हाताने अर्ज भरला होता, पोथी ठेवायच्या पेटीत कार्ड जपून ठेवले होते. मुलाचा मला फोन आला, "बाई, आवय गेली. दोळे दिवपाचे आसात तिचे. कोणाक फोन करूं?" आम्ही शिकवले होते तसे घरच्यांनी सगळे केले. पंखा बंद केला, पापण्या मिटवल्या, वर ओला कापूस ठेवला, डोक्याखाली उशी दिली. पत्रकावरचा क्रमांक कुणी उचलला नाही. दुसरा उचलला, तिथून सांगितले की आधी डॉक्टरचा मृत्यूचा दाखला हवा. दाखला देणारे डॉक्टर सकाळी येणार होते. पहाटे पाचला मुलाने कापूस काढला.

तो मुलगा आता आमच्या एकाही कार्यक्रमाला येत नाही, आणि त्याला मी बोलावतही नाही. वाड्यावर सगळ्यांना हे माहीत आहे. पुन्हा तिथे जाऊन अर्ज भरा म्हणताना मी कोणत्या तोंडाने उभी राहू?

अंतराचे कारण मला देऊ नका. काणकोणच्या टोकावरून बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात यायला दीड-दोन तास लागतात, पावसात थोडे जास्त. सहा तासांत हे बसते. नेत्रशल्यविशारदच हवा असेही नाही. २०११ च्या दुरुस्तीप्रमाणे प्रशिक्षित तंत्रज्ञ बुबुळावरचा हा पडदा काढू शकतो. तालुक्याच्या इस्पितळातल्या दोघा-तिघांना हे शिकवणे गोव्यासारख्या छोट्या राज्याला अवघड नसावे. १८४२ पासून जिथे वैद्यकीय शिक्षण चालू आहे, त्या प्रदेशाकडून ही अपेक्षा फार मोठी नाही.

अपघाती मृत्यूत पोलीस आणि शवचिकित्सा येतात. तिथेही एका कागदासाठी दुसरा कागद अडून राहतो. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२१ पासून सूर्यास्तानंतरही शवचिकित्सा करायला परवानगी दिली आहे. खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेला मृतदेह, घातपाताचा संशय अशी प्रकरणे वगळली आहेत. परवानगी देण्यामागे अवयवदानाला मदत व्हावी हा उघड हेतू होता. तरीही 'सकाळी बघू' हे उत्तर अजून ऐकू येते. वाहन परवान्याच्या अर्जात अवयवदानाविषयी विचारतात, तरुण मुले तिथे हौसेने होकार देतात. अपघातानंतर तो होकार कोण तपासतो, हे मला आजवर कुणी सांगू शकलेले नाही.

पैशांविषयी थोडे. दात्याच्या देखभालीचा, अवयव काढण्याचा आणि वाहतुकीचा खर्च दात्याच्या कुटुंबावर टाकता येत नाही, असा नियम आहे. पण संमतीचा विषय निघाला की नातेवाइकांच्या मनात पहिला प्रश्न येतो, आणखी एक दिवस व्हेंटिलेटर म्हणजे बिल किती? ते विचारायला लाजतात, आणि तुम्ही आपणहून सांगत नाही. नकारामागे पुष्कळदा हीच भीती असते. त्याला अंधश्रद्धा म्हणू नये.

त्वचादानाचेही तसेच. त्वचेचा अगदी वरचा पातळ थर घेतात, तोही मांड्या, पाय आणि पाठीवरून. ती त्वचा योग्य प्रकारे ठेवली तर पाच वर्षांपर्यंत टिकते आणि भाजलेल्या माणसाचा जीव वाचवू शकते. पत्रकावर त्वचा, हाडे, हृदयाच्या झडपा सगळ्यांची चित्रे असतात. ती द्यायची झाली तर कुणाला कळवायचे, हे मात्र पत्रकावर नसते.

आणखी एक गोष्ट, जी ऐकायला छोटी वाटेल. काही नेत्रदाने सुरळीत पार पडली, चमू वेळेत आला, त्या तंत्रज्ञांचे वागणे इतके आदबशीर होते की घरातल्या म्हाताऱ्यांनी त्यांना हात जोडले. त्या सर्वांचे मी मनापासून आभार मानते. बांबोळी ते दाबोळी रस्ता मोकळा करून अवयव विमानाने पाठवल्याच्या बातम्या आल्या तेव्हाही आम्हाला अभिमान वाटला होता. पण नेत्रदानानंतर त्या कुटुंबांना कुणी एक ओळीचेही पत्र पाठवले नाही. एक मामी मला बाजारात भेटली की दर वेळी विचारते, 'बाई, आमच्या ह्यांचे डोळे लागले का हो कुणाला?' ज्याला ते मिळाले त्याचे नाव तिला नको आहे, आणि ते सांगताही येणार नाही, हे तिला समजते. तिला 'हो, लागले' एवढेच ऐकायचे आहे. वापरता आले नसतील तर तेही तिला कळायला हवे, सांगणारे माणूस भले असावे.

आमच्या मागण्या साध्या आहेत.

गोव्यातल्या प्रत्येक अतिदक्षता विभागात, सरकारी असो वा खासगी, नातेवाइकांना अवयवदानाचा पर्याय सांगितला की नाही याची लेखी नोंद रुग्णाच्या कागदपत्रांत व्हावी. सांगणाऱ्याची सही, वेळ आणि कुटुंबाचे उत्तर. 'नाही' हे उत्तरही पूर्ण मानाने नोंदवावे, कुणावर दडपण आणू नये. आमच्याकडे प्रत्यारोपण होत नाही, असे सांगून कुणाला परत पाठवू नये. ज्यांच्याकडे सोय नाही त्यांनी ताबडतोब राज्याच्या अवयवदान समन्वय केंद्राला कळवावे.

संपूर्ण राज्यासाठी एकच फोन क्रमांक असावा आणि तो रात्री दोन वाजताही माणसाने उचलावा. राष्ट्रीय पातळीवर टोल फ्री क्रमांक आहे, पण सत्तरीतल्या घरी पहाटेपूर्वी कोण पोचणार हे ठरवणारा माणूस गोव्यातच हवा. तो क्रमांक प्रत्येक आरोग्य केंद्र, पंचायत, देऊळ, चर्च, मशीद आणि स्मशानभूमीच्या भिंतीवर रंगवावा. रंग आणि ब्रश घेऊन आम्ही येतो.

तालुका पातळीवर बुबुळावरचा पडदा काढणारे प्रशिक्षित तंत्रज्ञ पाळीवर असावेत. नेत्रदानाची इच्छा कळवलेल्या घरी मृत्यूचा दाखला देण्यासाठी डॉक्टर तासाभरात पोचावा. पोलिसांचे ना हरकत पत्र, शवचिकित्सा आणि अवयव घेण्याची तयारी ही कामे एकामागून एक न होता एकाच वेळी सुरू व्हावीत, आणि त्यासाठी पोलीस ठाण्यांना लेखी सूचना जाव्यात.

संमती दिल्यानंतरच्या कोणत्याही खर्चाचा बोजा कुटुंबावर पडणार नाही, हे संमतीपत्र पुढे करण्याआधी स्पष्ट शब्दांत सांगावे. मृतदेह घरी पोचवण्याची सोय करावी. आणि महिन्याभरात कुटुंबाला पत्र जावे, सही केलेले, त्यांच्या भाषेत, मराठीत किंवा कोकणीत.

दर महिन्याला आकडे जाहीर करावेत. अतिदक्षता विभागांत किती मृत्यू झाले, किती जण मेंदूमृत जाहीर झाले, किती कुटुंबांना विचारले, किती हो म्हणाली, किती नाही, आणि हो म्हटल्यावरही किती दाने कशामुळे राहून गेली. नावे नकोत. हा तक्ता समोर आला की लोक तयार होत नाहीत की त्यांना विचारलेच जात नाही, हे सगळ्यांनाच दिसेल. तक्त्यात खरोखर नकारच जास्त दिसले तर आम्ही गावोगाव आणखी फिरू, ते काम आम्हाला नवीन नाही.

यंदाच्या पंधरवड्यात फेरी काढायला आमचा गट येईल. पण त्याआधी या पत्राचे लेखी उत्तर मिळावे अशी आमची मागणी आहे. आणि एक बैठक घ्यावी, वाळपईत, संध्याकाळी सहानंतर, कारण आमच्यातल्या बहुतेकांची दिवसा नोकरी किंवा शेतीची कामे असतात. त्या बैठकीला ज्यांना दान करायचे होते आणि करता आले नाही अशा कुटुंबांना मी घेऊन येईन. तुमच्याकडून निर्णय घेऊ शकणारी माणसे यावीत, आणि या वेळी बोलायला आम्हाला वेळ मिळावा.

आपली,
अवयवदान व नेत्रदानासाठी काम करणारी एक स्वयंसेविका,
सत्तरी, गोवा